फरक नाही

जिभेला हाड नसतं म्हणतात. नसेल बापडं. पण आमच्या चाखणबाईच्या जिभेला हाड होतं, अशी साऱ्या कचेरीची खात्री होती. आणि खोटं कशाला बोला, तिची स्वतःचीही होती.

चाखणबाई हे तिला पडलेलं नाव. सुपरमार्केटची एक मोठी साखळी होती, गावोगाव दुकानं असलेली. तिच्या मुख्य कचेरीत तिसऱ्या मजल्यावर चाखणीची खोली होती. लांबट टेबलाला फळ्या घालून केलेले बारा खण, प्रत्येक खणात एक स्टूल, पाण्याचा पेला आणि डोक्यावर लाल दिवा. लाल उजेडात पदार्थाचा रंग कळत नाही, त्यामुळे डोळ्यांना लबाडी करता येत नाही. समोर तीन वाट्या यायच्या. दोन सारख्या, एक वेगळी. वेगळी कुठली ते सांगायचं, बस्स. साखळीच्या नावानं जे जे विकलं जाई ते आधी या तीन वाट्यांतून जाई. बाकीचे अकरा जण बदलत राहत, कधी हिशेबखात्यातले, कधी टेलिफोनवरच्या मुली. चाखणबाई मात्र कायमची. शेवटी फॉर्मवर सहीही तिचीच. फॉर्मवर दोनच चौकोन होते: ‘फरक आहे’ आणि ‘फरक नाही’.

घरी तिची यावरून थट्टा चाले. नवरा एका दुकानात चष्म्याच्या काचा घासायचं काम करायचा, शांत माणूस, पण जेवताना विनोद सुचायचा. भाजीत मीठ कमी झालं की म्हणे, “आज तीन वाट्या वाढ बाई, एकीत तरी मीठ असेल.”

आता वन्संबद्दल सांगायला हवं, कारण गोष्ट खरी त्यांची आहे. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, त्याच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. आईबाप लवकर गेले तेव्हा तिनंच याला वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही. मागच्या स्वयंपाकघरात तांब्याच्या पातेल्यात जर्दाळूचा जॅम रटरटत ठेवायचा आणि कोपऱ्यावरच्या बेकरीला द्यायचा, त्यावर भावाचं शिक्षण केलं. तोंडानं फटकळ, पण मनानं लोणी. नवी नवरी घरात आली त्या दिवशी वन्संनी बशीत चमचाभर जॅम पुढे केला आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

नव्या नवरीनं चाखला. थांबली. पुन्हा चाखला.

“यात गोडाच्या मागे काहीतरी कडू आहे,” ती भीतभीत म्हणाली. “अगदी शेवटी येतं. आणि... ते काढू नका हं.”

“अगं बाई!” वन्सं टाळी वाजवून हसल्या. “सापडली गं बाई सापडली! इतक्या वर्षांत ओळखणारी तूच पहिली.” मग त्यांनी पातेल्यात सोडलेली एक पुरचुंडी चिमट्यानं वर काढून दाखवली. पातळ फडक्यात बांधलेले जर्दाळूच्या बियांतले मोजके गर. जॅम शिजेपर्यंत आत, मग बाहेर. “हीच सगळी करामत. नुसतं गोड काय, कुणीही करतं. शेवटी जरा कडू लागलं की माणूस दुसरा घास मागतो.”

“मला विचारा ना,” नवरा म्हणाला, “ताईच्या हातचं मी झोपेतसुद्धा ओळखीन.”

“झोपेत तू ताटलीसुद्धा खाशील,” वन्सं म्हणाल्या. त्या दिवसापासून नणंद-भावजयीचं असं मेतकूट जमलं की नवऱ्याला आपल्याच घरात पाहुण्यासारखं वाटायला लागलं.

पुढे साखळीनं उंची माल काढायचं ठरवलं. तोवर साखळीच्या नावाचा माल म्हणजे पांढऱ्या झाकणाचा, स्वस्त आणि मस्त, त्यातलं मस्त नावापुरतं. जुन्या मोठ्या साहेबांच्या मनात होतं की आपल्याही नावाचं काहीतरी असं असावं, की पाहुणा आला तर बाईनं बरणी लपवू नये, उलट टेबलावर मधोमध ठेवावी. त्याला काळं झाकण. काळ्या झाकणाखाली सुरुवातीला फक्त अकरा वस्तू होत्या आणि अकरावी वस्तू होती वन्संचा जर्दाळू. साहेब स्वतः त्या मागच्या स्वयंपाकघरात येऊन, पातेल्याजवळ स्टुलावर बसून गेले होते.

वन्संनी कृती लिहून दिली. अटी दोनच घातल्या. पुरचुंडी काढायची नाही. आणि चाखायला आमची भावजय पाहिजे.

“तुझी जीभ तिथे आहे तोवर मला घोर नाही,” त्या चाखणबाईला म्हणाल्या. “मी निजले तरी माझं पातेलं जागं.”

पुढची नऊ वर्षं ती हे वाक्य विसरली नाही. विसरली असती तर बरं झालं असतं.

पहिलं वर्ष सोन्याचं गेलं. काळ्या झाकणाचं एवढं नाव झालं की लोक रिकाम्या बरण्यासुद्धा टाकत नसत, बटणं ठेवायला वापरत. कंपनीकडून दर महिन्याला चार बरण्या घरी येत. वन्संचे गुडघे गेले होते, पातेलं माळ्यावर गेलं, त्या म्हणाल्या, “आता आयतं येतंय तर कशाला मरा?” नवरा रोज सकाळी पावावर काळ्या झाकणाचा जॅम लावून खाई आणि बरणीला हात जोडल्यासारखं करी. “ताई जिंदाबाद.”

मग मोठे साहेब निवृत्त झाले आणि टक्केसाहेब आले. खरेदीखात्याचे. माणूस वाईट नव्हता हो. गोडबोल्या, सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवणारा. पण त्याच्या तोंडात सदा टक्के. फळ चार टक्क्यांनी कमी केलं तर? साखरेच्या जागी सहा टक्के मक्याचा स्वस्त पाक घातला तर? “आपण फसवत नाही बाई,” तो म्हणे. “तीन वाट्या ठेवू. गिऱ्हाइकाला फरक कळत असेल तर मी मागे घेतो. शब्द माझा.”

त्यानं शब्द पाळला, हेच तर दुखणं! दर वेळी तीन वाट्या यायच्या. दोन आजच्या मालाच्या, एक नव्या कृतीची. फळ चार टक्के कमी. बारा जणांनी चाखलं, कुणाला काही कळलं नाही, चाखणबाईलाही नाही. फरक नाही. सही. पुढच्या वर्षी अख्ख्या फळाऐवजी पिंपातला तयार गर. फरक नाही. सही.

नमुन्याचं एक कपाट होतं, त्यात तुलनेसाठी प्रत्येक मालाची बरणी कुलपात असे. बरणीची मुदत दोन वर्षं. मुदत संपली की ती फेकून त्या जागी चालू मालाची नवी ठेवायची, असा नियम. नियम चाखणबाईनंच केला होता, शिळ्या नमुन्याशी तुलना नको म्हणून. किती शहाणपणाचा नियम! त्यामुळे नवी कृती नेहमी कालच्या कृतीशी ताडून पाहिली गेली, पहिलीशी कधीच नाही. पहिली तर कपाटातून केव्हाच गेली होती, हिच्याच हातांनी, हिच्याच किल्लीनं. थेंबे थेंबे तळं साचतं म्हणतात, तसंच थेंबे थेंबे आटतंही, आणि काठावर उभ्या असलेल्याला कळत नाही.

पण चौथ्या वर्षाचं तसं नव्हतं. चौथ्या वर्षी तिला कळलं.

तीन वाट्या आल्या आणि मधली वाटी तोंडात घेताच तिचा चमचा थांबला. शेवटचं कडू नव्हतं. गोड आलं, गोडच राहिलं आणि गेलं. पुरचुंडी काढली होती. बिया फोडायला, गर मोजायला, बांधायला माणसं लागत होती.

तिनं मधल्या वाटीवर खूण केली. बाकीच्यांचे कागद जमा झाले.

“बारा जणांत पाच,” टक्केसाहेब म्हणाले. “तुम्ही धरून पाच. तीनातली एक नुसती अंदाजानं निवडली तरी चौघांची बरोबर येते. बारांत आठ लागतात. म्हणजे फरक नाही.”

“पण मला कळलं ना!”

“तुम्हाला कळणारच. तुम्ही काय गिऱ्हाईक आहात? गिऱ्हाइकाला अशी जीभ असती तर आपलं दुकान चाललं असतं का?” ते हसले. मग हळू आवाजात म्हणाले, “हा आठांचा नियमही तुमचाच आहे बाई. आज तुम्ही म्हणाल म्हणून मोडला, तर उद्या या खोलीला अर्थ काय?”

तिनं सही केली. फरक नाही.

त्या दिवशी घरी जाताना तिनं ठरवलं होतं की वन्संना सगळं सांगायचं. वन्सं दारातच भेटल्या. “काय म्हणतंय माझं पातेलं?” त्यांनी नेहमीसारखं विचारलं. आणि ही बया खरं ते गिळून म्हणाली, “मजेत आहे.” एकदा मजेत म्हटलं की दुसऱ्यांदा काय म्हणणार? पुढची पाच वर्षं पातेलं मजेतच राहिलं.

इकडे काळं झाकण पसरत चाललं. अकराच्या साठ वस्तू झाल्या, साठाच्या दोनशे. काळ्या झाकणाच्या काड्यापेट्या आल्या, भांडी घासायचे स्पंज आले. उंची माल दोनावर एक फुकट मिळायला लागला. बरणीचा तळ आतून फुगला, म्हणजे जॅम कमी मावायला लागला. लेबलावर मात्र अजून छापलेलं होतं: ‘एका घरच्या पातेल्यातून’.

नवव्या वर्षी वन्सं आजारी पडल्या. घशाचं दुखणं, आणि उपचारांनी तोंडाची चवच गेली. तीन महिने त्यांना पाणी आणि औषध सारखंच लागे. त्यांचं अन्नावरचं मन उडालं. मग एका दुपारी त्यांनी चाखणबाईला जवळ बोलावलं. “आज चहा गोड लागला गं,” त्या म्हणाल्या. “जीभ परत आली वाटतं. जा, आपला जॅम आण.”

चाखणबाई फडताळाशी गेली. घरात काळ्या झाकणाच्या बरण्यांशिवाय काय होतं? तिनं बरणी उघडली, बशीत चमचाभर जॅम घेतला, अगदी पहिल्या दिवशी वन्संनी घेतला होता तसा. देवा, आज यांची जीभ नको येऊस रे परत, असं तिच्या मनात आलं, आणि आपल्या मनात काय आलं ते कळून तिला तिथेच रडू फुटायचं बाकी राहिलं.

वन्संनी चाखलं. बराच वेळ डोळे मिटून बसल्या. चाखणबाई त्यांच्या गळ्याकडे बघत होती.

“काय वन्सं? कसा आहे?”

वन्संनी डोळे उघडले आणि हिचा हात हातात घेतला. “तुमच्या कचेरीत काय म्हणतात गं ते? हं. फरक नाही,” त्या म्हणाल्या. “छान आहे. जीव लावून सांभाळलंस.”

हिला वाटलं, सुटले. खरंच वाटलं तसं. पाच वर्षांचं ओझं उतरलं. बिचारीची जीभ अजून पुरती आली नसणार, असं मनाला सांगून ती त्या दिवशी गाढ झोपली. वन्संनी दुसरा चमचा मागितला नव्हता, हे तिच्या लक्षातच आलं नाही.

सोळा दिवसांनी वन्सं गेल्या.

नवरा कोसळला. आई गेली तेव्हा तो लहान होता, म्हणून त्यानं आईचं रडणंही बहिणीसाठी जमवून ठेवलेलं होतं. त्याच्यानं त्या खोलीत पाऊल ठेववेना. आवराआवर चाखणबाईनंच केली.

कपड्यांच्या कपाटात, शालींच्या मागे, काळी झाकणं होती. ओळीनं नऊ. दुकानातून विकत आणलेल्या, किमतीची चिठ्ठीही न काढलेल्या बरण्या. प्रत्येकीतून फक्त एक चमचा गेलेला. प्रत्येकीवर वन्संच्या अक्षरातली कागदाची पट्टी.

‘पहिलं वर्ष. आपलाच.’

‘दुसरं. फळ कमी केलंय मेल्यांनी.’

‘चौथं. पुरचुंडी गेली. वहिनीला विचारू नये. तिला कळलंच असेल, उगीच झुरेल.’

‘सहावं. विचारू नये.’

नवव्या बरणीवर नुसतीच तारीख होती. त्या दुपारच्या दोन दिवस आधीची. म्हणजे चवही तेव्हाच परत आली होती, आणि माहीतही सगळं होतं.

या नऊ बरण्यांच्या शेजारी एक दहावी होती, साधी, पत्र्याच्या झाकणाची, पाऊण भरलेली. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि लिहायची गरजही नव्हती. त्या बाईनं गुडघे दुखत असताना दर हंगामाला, घरात कुणी नसताना, दोन-चार मूठ जर्दाळू शिजवून एक बरणी केली होती, ताडून बघायला. कचेरीच्या कपाटात जो नमुना राहिला नाही, तो वन्संच्या शालींमागे राहिला. कालच्याशी नव्हे, पहिल्याशी ताडणारी खरी चाखणबाई एकच होती, आणि ती म्हणजे वन्सं.

भावजयीनं बोटानं चाखलं. गोड आलं, आंबट आलं, आणि अगदी शेवटी, दारातून वळून बघावं तसं, ते कडू आलं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. वन्संनी तिला पकडलं नव्हतं, रागावल्या नव्हत्या, मरताना खोटं बोलून सोडवून गेल्या होत्या. दोन शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या हो. हे कसं सोसायचं?

कामावर परतली तेव्हा टेबलावर नवा फॉर्म होता. तीन वाट्या: दोन काळ्या झाकणाच्या, एक पांढऱ्या झाकणाची. आता दोन्ही एकाच कढईतून भरायचं चाललं होतं. तिनं चाखलं, आणि देवाशपथ, तिला वेगळी वाटी सापडेना. तिनं तरीही ‘फरक आहे’वर खूण केली.

टक्केसाहेब स्वतः आले. “फरक आहे? कशाशी?”

“पहिल्याशी.”

“पहिला कुठे आहे बाई?”

ती काय सांगणार? शालींमागे पाऊण बरणी आहे म्हणून? त्यानं बारा वाट्या भरल्या असत्या आणि बरणी संपली असती. शिवाय बारांत आठ कुठून आणणार?

“दमलात तुम्ही,” टक्केसाहेब मऊपणानं म्हणाले. “हे बघा, आजवरच्या सगळ्या फॉर्मवर सही तुमचीच आहे.” ते खरंच होतं.

त्या रविवारी तिनं ठरवलं. आता नाही लपवायचं. नवऱ्याला सगळं सांगायचं, नऊ बरण्या दाखवायच्या, चार शब्द ऐकून घ्यायचे. पण आधी त्याला त्याच्या बहिणीच्या हातचं खायला घालायचं. त्या बिचाऱ्यानं नऊ वर्षांत ते खाल्लं नव्हतं आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं. एकदा जिभेवर आलं की तोच विचारील, मग सांगणं सोपं जाईल.

तिनं पाव भाजला, लोणी लावलं, पत्र्याच्या झाकणाच्या बरणीतला जॅम वर पसरला आणि ताटली पुढे ठेवली. नवरा दाढी वाढवून खिडकीशी बसला होता. त्यानं घास घेतला. ती समोर उभी राहिली, कमरेवर हात ठेवून नव्हे, ओट्याला धरून.

तो चावता चावता थांबला. कपाळाला आठी पडली.

“हा कुठला आणलास?” त्यानं विचारलं. “आंबट आहे गं. आणि मागून कडू लागतोय. बिघडलाय वाटतं.”

तिनं पत्र्याचं झाकण बरणीवर घट्ट लावलं.

“नको हा.” त्यानं ताटली सारली आणि टेबलावरची काळ्या झाकणाची बरणी ओढली. चमचा घालून तसाच तोंडात घेतला, आणि डोळे मिटले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “हा बघ. हा ताईचा,” तो म्हणाला. “त्या आंबटाला ताईच्या हातची सर कुठली? मी झोपेतसुद्धा ओळखीन.” त्यानं भरल्या तोंडानं तिच्याकडे पाहिलं. “आता एवढंच राहिलंय गं तिचं. अगदी तस्सा आहे ना? तुझी तर जीभ आहे. तूच सांग.”

चाखणबाईनं सारलेली ताटली उचलली. तिच्यावरच्या पावाला नवऱ्यानं एकच घास मारला होता.

“तस्साच आहे,” ती म्हणाली. “काही फरक नाही.”